कुंकू लावलेल्या फ्लॉप्या

आमच्यात नवऱ्याचं नाव घेत नाहीत. पण नुसतं ‘हे’ ‘हे’ करत बसले तर कोणाबद्दल बोलतेय ते तुम्हाला कळायचं नाही, म्हणून एकदाच घेते: तणिगाचलम. झालं. पुन्हा घ्यायला लावू नका.

कांचीपुरमच्या आमच्या पिळ्ळैयारपाळैयममध्ये ज्या घरात माग नाही असं घर शोधून सापडायचं नाही. सकाळी दात घासायला दारात यावं, तर खटक-खटक सुरू झालेली असते. यांचा बाप विणकर, आजा विणकर, थोरला भाऊ विणकर. हे तेवढे टायपिंग शिकले आणि विणकरांच्या सोसायटीत कारकून म्हणून चिकटले. सासूबाई जाईपर्यंत टोमणा मारायच्या, "माझ्या या पोराचे पाय मागाच्या खड्ड्यात कधी उतरलेच नाहीत. म्हणून बघ, कसे बायकांसारखे मऊ राहिलेत." हे हसायचे. पण ते हसू ओठापुरतं होतं, हे मी लग्नाच्या पहिल्या वर्षातच ओळखलं. विणकरांच्या गल्लीत राहून विणता न येणं म्हणजे काय, ते ज्याचं त्यालाच माहीत.

पुढं कुठल्याशा सरकारी योजनेतून सोसायटीत कम्प्युटर आला. साडीच्या काठाची नक्षी पूर्वी चौकटींच्या कागदावर एकेक चौकट रंगवून काढायचे, ती आता पडद्यावर काढायची म्हणे. त्याच्यासमोर बसायला कोणी तयार होईना. शॉक लागेल, डोळे जातील, एक ना दोन. शेवटी हे बसले. ते मशीन आलं तेव्हाच जुनं झालेलं होतं. पडद्यावर रंग चारच, आणि चालू केलं की पिठाच्या गिरणीसारखं घरघरायचं. त्यात नक्षीचा प्रोग्राम करून देणारी कोइमतूरची कंपनी थोड्याच दिवसांत बंद पडली. म्हणजे बिघडलं तर विचारायला माणूस नाही आणि बदलून मागायला दुकान नाही.

तेव्हापासून आमचे हे त्या मशीनच्या मरणाची तयारी करायला लागले.

"आत एक तबकडी फिरते," जेवताना मला सांगायचे. "झोपलेल्या मशीननं उठायचं कसं, ते तिच्यावरच लिहिलंय. नक्ष्याही तिच्यावरच. ती एक दिवस मरणार. कधी ते सांगता येत नाही, पण मरणार नक्की."

"ताटावर बसून मरणाच्या गोष्टी नकोत. सांबार वाढू का?"

"वाढ. म्हणून मी फ्लॉप्या करून ठेवल्यात. तबकडी गेली की नवी बसवायची आणि या फ्लॉप्या एकामागून एक घालायच्या. मशीन जसंच्या तसं उठतं."

त्या फ्लॉप्या मी पाहिल्या होत्या. काळ्या, चौकोनी, हातपंख्यासारख्या लवलवणाऱ्या. मधे भोक, आणि खाली एक उघडी फट, तिच्यातून आतली तपकिरी चकती दिसायची. त्या फटीला बोट लावायची कोणाची टाप नव्हती. यांनी मशीन उठवायच्या फ्लॉप्यांचे दोन संच केले होते. एक सोसायटीच्या कपाटात, दुसरा आमच्या घरी देवाच्या फळीवर. नक्ष्यांचंही तसंच. दर शुक्रवारी नवी नक्षी दोन फ्लॉप्यांवर उतरवायची, एक तिथं ठेवायची, एक घरी आणायची. सेक्रेटरींच्या मागं लागून, हातापाया पडून एक नवी तबकडीही आणून ठेवलेली, लग्नघरात आधीच बांगड्या आणून ठेवाव्या तशी.

"दोन्ही डबे एका जागी कधी ठेवायचे नाहीत," हे मला पढवायचे. "सोसायटीला आग लागली तर घरचा डबा राहील. घराला लागली तर सोसायटीतला."

"आणि घराला लागली तर मी राहीन का, ते नाही विचारलंत."

"तू काय, तू पळशील. फ्लॉपीला पाय आहेत का?"

असा माणूस. अशा माणसाच्या हातून चूक व्हावी! आणि झाली तीही देवासमोर, हात जोडून.

आयुधपूजेचं सांगते. नवरात्रातल्या नवमीला सोसायटीत सगळ्यांची हत्यारं सरस्वतीपुढं मांडतात. विणकर धोटे ठेवतात, शिंपी कात्री ठेवतो, टेम्पोवाला चाकाखाली लिंबू ठेवतो. मुनुसामी म्हणून एक होता, नक्षीप्रमाणे मागाच्या पुठ्ठ्यांना भोकं पाडायचा, तो आपली हातोडी ठेवायचा. सगळ्यांना चंदन, कुंकू, विभूती, वर कापराची आरती, दारात कोहळा फोडायचा, मग चुरमुरे आणि हरभऱ्याची उसळ. हे कम्प्युटरवर बसले त्या पहिल्या वर्षी मुनुसामी भर सभेत म्हणाला, "काय रे, तू काय ठेवणार? टायपिंग करायचं बोट?" लोक खो-खो हसले. मीही तिथंच होते, उसळ वाढत. हे घरी येऊन भिंतीकडं तोंड करून पडून राहिले. कम्प्युटर सोसायटीचा, खुर्ची सोसायटीची. यांचं स्वतःचं म्हणावं असं हत्यारच नव्हतं.

पुढच्या वर्षी यांनी फ्लॉप्या ठेवल्या. मशीन उठवायच्या. सोसायटीतल्याही ठेवल्या आणि घरच्या फळीवरून काढून त्याही नेल्या. वर्षभर जे दोन डबे एका छपराखाली येऊ द्यायचे नाहीत, ते त्या एका दिवशी आशीर्वादाला शेजारी शेजारी बसवले. फ्लॉप्या कागदी पाकिटातूनही बाहेर काढल्या.

"पाकिटात राहू द्या ना," मी म्हटलं.

"म्यानातली तलवार कोणी पुजतं का?" हे म्हणाले, आणि मुनुसामीकडं बघून छाती काढून उभे राहिले.

प्रत्येकीच्या कोपऱ्यावर चंदनाचा टिळा, त्यावर कुंकू. फटीपासून लांब, अगदी जपून. पण कुंकू काय, विभूती काय, टिळा लावला तिथंच बसून राहते का? कोहळा फुटतो, पोरं चुरमुऱ्यांवर झडप घालतात, धूप उडतो. पूजा झाली की हे धोतराच्या सोग्यानं हलकेच पुसायचे आणि पाकिटात घालायचे. असं दर वर्षी. आणि वर्षभर त्यांना हात लावायचा नाही. एकदा मी विचारलं, यानं मशीन खरंच उठतं का ते पाहिलंत का कधी? तर म्हणाले, "वापरलं की झिजतं. अडीअडचणीचं सोनं कोणी रोज घालतं का?" मला ते पटलं. माझ्याही दोन बांगड्या तशाच पडून होत्या.

आता नागलिंगम मास्तर. आमच्या गल्लीच्या टोकाला त्यांचं घर. काठाच्या नक्षीत त्यांच्याइतका जुना माणूस कांचीत उरला नव्हता. आम्ही सगळे त्यांना तात्ता, म्हणजे आजोबा, म्हणायचो. काचबिंदूनं त्यांचे डोळे जात चालले होते, आणि पार जायच्या आधी त्यांना एक शेवटची नक्षी करायची होती. मोर नको, हंस नको, देवळाच्या खांबावरचा यळी सिंह नको.

"सगळ्यांना मोर पाहिजे," ते म्हणायचे. "मोरानं काय केलंय एवढं? मी तितर विणणार. तितराची आई आणि मागं पिल्लांची रांग. आणि त्यातलं एक पिल्लू मान वळवून मागं बघतंय."

कागदावरच्या चौकटी त्यांना दिसेनाशा झाल्या होत्या. मग हे त्यांना हाताला धरून सोसायटीत न्यायला लागले. तात्ता डोळे मिटून बोलायचे, "डावीकडे तीन जर. एक सोड. आता खाली दोन तांबडं," आणि हे पडद्यावर चौकटी भरत जायचे. कित्येक महिने हे चाललं. यांना ते काम म्हणजे सणच. मागाच्या खड्ड्यात पाय उतरला नाही, पण कांचीच्या सगळ्यात मोठ्या मास्तरचे हात आपण झालो, असं यांना वाटायचं. तोंडानं म्हणाले नाहीत. पण घरी येऊन जेवताना ताटातल्या भातात बोटानं तितर काढायचे.

छापून कागद करून ठेवायची सोय नव्हती. साडी मंजूर होईपर्यंत नक्षी छापायची नाही, असा सेक्रेटरी गजपतींचा नियम. दुसऱ्या सोसायट्या कागद पळवतात म्हणून. तात्तांनी विचारलं, "मग तोवर माझा तितर राहील ना रे सुखरूप?"

"तात्ता, एक मशीनमध्ये, एक सोसायटीच्या कपाटात, एक माझ्या देवाच्या फळीवर," हे म्हणाले. "जगबुडी झाली तरी तुमचा तितर पोहून येईल."

मंजुरी लांबत गेली. तात्तांचे डोळे पुरते गेले. आणि उन्हाळ्यात एक दिवस वीज जाऊन आली, आणि मशीन उठलं नाही.

त्या दिवशी हे घरी आले तेव्हा चेहऱ्यावर दुःख नव्हतं, उलट तेज होतं. फळीवरचा डबा काढला, माझ्या हातचं ताक एका दमात प्यायले. "मेली तबकडी," म्हणाले. "आज कळेल त्यांना, मी इतकी वर्षं काय सांभाळलं ते." आणि शीळ घालत गेले. जेवणाचा डबा मात्र विसरले. तो द्यायला मी मागोमाग गेले. गेले नसते तर बरं झालं असतं.

कम्प्युटरच्या खोलीत ही गर्दी. मुनुसामी, सेक्रेटरी, विणकर, सगळे. यांनी नवी तबकडी बसवून ठेवली होती. पहिली फ्लॉपी डोळ्यांना लावली आणि आत सरकवली. मशीन थोडं कुरकुरलं, आणि पडद्यावर अक्षरं आली. लोकांनी टाळ्या वाजवल्या! मुनुसामी म्हणाला, "अय्यो, मेलेलं उठवलंस की रे!" मी दारात उभी होते. माझा नवरा एवढा ताठ उभा राहिलेला मी कधी पाहिला नव्हता.

मग दुसरी फ्लॉपी. मशीन म्हणालं, कर्रर्र. वाळूत चमचा फिरवावा तसं. यांनी ती काढली, पुसली, पुन्हा घातली. कर्रर्र.

"हरकत नाही," हे म्हणाले. "म्हणून तर दोन संच असतात." घरच्या डब्यातली दुसरी फ्लॉपी काढली, घातली. कर्रर्र. तिसरी, चौथी. कर्रर्र. कपाळावर घाम आला. लोक कुजबुजायला लागले. तिथं थांबायला पाहिजे होतं. पण शरमेनं माणसाची अक्कल आधी जाते. "नक्ष्या तरी बघू, नक्ष्या तरी आहेत ना," असं पुटपुटत यांनी नक्ष्यांच्या फ्लॉप्या घालायला सुरुवात केली. तितराची सोसायटीतली घातली. कर्रर्र. तितराची घरची घातली.

मी म्हटलं, "अहो, थांबा." ऐकू कुठं येतंय.

चेन्नईहून दोन दिवसांनी दुरुस्तीवाला आला. त्यानं फ्लॉपी जिथं सरकवतात ते यंत्र उघडलं, आत काडीवर कापूस फिरवून बाहेर काढला. कापूस लाल. त्यानं वास घेतला. "सर, हे कुंकू?" म्हणाला, आणि हसायलाच लागला. हसता हसता त्याला ठसका लागला. मग एक फ्लॉपी उजेडात धरून दाखवली. चकतीवर गोल ओरखडा, सुरीनं काढल्यासारखा.

"पहिल्या कर्रर्रला थांबून यंत्र पुसलं असतं, तर निदान नक्ष्यांच्या वाचल्या असत्या. त्यांना कुंकू कुठं लावलं होतं?" तो म्हणाला.

म्हणजे कसं, बघा. लोणच्याच्या एका बरणीत ओला चमचा गेला तर एक बरणी नासते. यांनी तोच चमचा घरातल्या एकूण एक बरण्यांमधून फिरवला. आणि बरण्या भरून ठेवणारेही हेच.

जुन्या नक्ष्यांचं फारसं अडलं नाही, त्यांचे कागद होते, साड्या होत्या. नव्हता तो फक्त तितर. तो एका आंधळ्या माणसाच्या तोंडातून निघून मशीनमध्ये गेला होता आणि मधे कुठंच थांबला नव्हता.

सेक्रेटरी गजपतींनी यांना खोलीत बोलावलं. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "नवीन कम्प्युटर येतोच आहे, तणिगाचलम. म्हाताऱ्याला काही सांगू नकोस. उगाच हाय खाऊन मरेल आणि सोसायटीचं नाव जाईल. तूच काढ एखादा तितर. त्याला कुठं दिसतंय? झाकली मूठ सव्वा लाखाची."

घरी येऊन यांनी मला हे सांगितलं तेव्हा मी भडकले. "आणि तुम्ही हो म्हणालात?"

"मी काही म्हणालोच नाही."

"म्हणजे हो म्हणालात. जा आणि तात्तांना सांगा. आत्ताच्या आत्ता."

"कुठल्या तोंडानं सांगू, तैयल? ‘जगबुडी झाली तरी’ म्हणालो होतो मी. चिमूटभर कुंकवात बुडवलं."

सांगायला गेले नाहीत. गल्लीच्या त्या टोकानं जायचंच सोडलं. देवळाच्या मागून चिखलातला फेरा घेऊन सोसायटीत जायचे. आधी रोज संध्याकाळी तात्तांना पेपर वाचून दाखवायला जायचे, तेही बंद. एक दिवस रेशनच्या दुकानाशी तात्ता भेटले, लेकीच्या, कोमलाच्या खांद्यावर हात ठेवून. माझा आवाज ओळखला.

"पोरी, तुझा नवरा माझ्यावर रागावलाय का? माझं काही चुकलं असेल तर त्याला म्हणावं, म्हाताऱ्याचं मनावर घेऊ नको."

मला तिथंच धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. काय सांगू? "कामात आहेत हो," म्हटलं, आणि तांदूळ न घेताच परत आले. घरी येऊन यांना काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. हे खाली मान घालून ऐकत राहिले. भांडले असते तर मला आवडलं असतं.

नवीन कम्प्युटर आला. हे त्यावर तितर काढायला बसले. चौकट न् चौकट यांच्याच बोटानं भरलेली होती, पण तात्ता सांगतील तशी भरलेली, स्वतः पाठ केलेली नाही. आई कशीबशी जमली. पिल्लंही जमली. ते एक मागं बघणारं पिल्लू काही केल्या जमेना. मान वळवली की मुरगळल्यासारखी दिसायची. गजपती मागं येऊन म्हणाले, "कर सगळ्यांची तोंडं पुढं. कोण बघायला बसलंय?" आणि यांनी केली. हे मला त्याच दिवशी सांगितलं, खरं खरं. पुठ्ठ्यांना भोकं पाडली गेली, साडी मागावर चढली.

आयुधपूजेला ती साडी सरस्वतीपुढं ठेवली, केळीच्या खांबांमध्ये. हातोडीला कुंकू, धोट्यांना कुंकू, नव्या कम्प्युटरला लांबूनच ओवाळलं. कोमला तात्तांना घेऊन आली. स्वच्छ धोतर, कपाळावर विभूतीचे पट्टे, दाढी केलेली. नवरदेवच. गजपतींनी भाषण केलं. जुनं मशीन मेलं, तरी आमच्या तणिगाचलमनी मास्तरांची शेवटची नक्षी डोळ्यांत तेल घालून जपली, असं म्हणाले. माईकवर म्हणाले! आणि यांच्या खांद्यावर शाल घातली. दुरुस्तीवाल्याचं हसणं ऐकलेली सगळी माणसं तिथं होती. मुनुसामीही. कोणी ब्र काढला नाही. टाळ्या वाजवल्या. आणि उसळीचं पातेलं घेऊन उभी असलेली मीही काही बोलले नाही, कारण तात्तांचा चेहरा असा फुलला होता की माझीच जीभ उचलेना.

साडी त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी काठ हाताशी घेतला आणि जरीवरून बोटं फिरवायला लागले. "ही आई," म्हणाले. "हं. शेपूट जरा आखूड झालं, असू दे. हे पहिलं. हे दुसरं." लोक कौतुकानं बघत होते. बोट पुढं गेलं, थांबलं, मागं आलं, पुन्हा गेलं. पदर संपेपर्यंत गेलं. परत पहिल्यापासून.

"तणिगा," तात्ता हळूच म्हणाले, "ते मागं बघणारं कुठंय रे? लागत नाही."

हे शाल पांघरून उभे.

तात्ता हसले. कोमलाकडं तोंड करून म्हणाले, "बोटंही गेली गं माझी. डोळे गेले तेव्हा वाटलं होतं, बोटं तरी पुरतील शेवटपर्यंत." आणि हात साडीवरून उचलून मांडीवर ठेवून दिले, उलटे, रिकामे.

तेवढं यांना सोसलं नाही. शाल खांद्यावरून काढली आणि तात्तांच्या पायाशी खाली बसले. "तात्ता, तुमची बोटं शाबूत आहेत. तो तितर हा नाही. तुमचा मी घालवला. याच पूजेत, कुंकू लावून. हा मी काढलाय, आणि ते पिल्लू मला जमलं नाही म्हणून सगळ्यांची तोंडं पुढं केली."

माईक चालूच होता. खोलीभर ऐकू गेलं. गजपती म्हणाले, "अरे, अरे." तात्तांनी कोमलाचा खांदा चाचपला. तिला म्हणाले, "घरी चल." साडी मांडीवरून घसरून खाली पडली, ती कोणी उचलायला धजेना. मी उचलली.

दुसऱ्या दिवशी विजयादशमी. आमच्याकडं लहान मुलांना त्या दिवशी तांदळात पहिलं अक्षर गिरवायला बसवतात. जे सुरू करायचं ते त्या दिवशी. हे पहाटेच अंघोळ करून चौकटींचा कागद आणि पेन्सिल घेऊन निघाले. देवळामागचा फेरा नाही, सरळ गल्लीतून. सगळ्या ओट्यांवरून माणसं बघत होती. एक म्हणालासुद्धा, "आज कुंकू नाही का आणलं?" हे थांबले नाहीत. हाकलून दिलं तर धरून आणायला कोणी पाहिजे, म्हणून मी मागून गेले.

तात्ता ओट्यावर बसले होते. पावलांचा आवाज ओळखला. तोंड न वळवताच म्हणाले, "कागद आणलायस?"

"आणलाय."

"मशीन नको."

"नाही, तात्ता."

"मग बस. आई आधी घे. डावीकडं तीन जर."

हे मान खाली घालून चौकटी भरायला लागले. आवाज जुनाच होता, तसाच ठाम. कोमलानं कॉफी आणली, ती निवली तरी कोणी तिला हात लावला नाही. आई झाली. शेपूट झालं, या वेळी लांब. पहिलं पिल्लू झालं, दुसरं झालं. मला वाटलं, सुटलो. देवाला एक नारळ बोलून टाकला मनात.

"आता मागं बघणारं," तात्ता म्हणाले. "पाय पुढं. अंग पुढं. मान..." आणि थांबले. बोट हवेत वळलं, पुन्हा वळलं. "मान कुठून वळवली होती आपण? पाठीच्या वरून, का खालून?"

हे रिकाम्या चौकटींकडं बघत राहिले.

"एक चौकट सोडली होती कुठंतरी. ती सोडली म्हणून तर ती मान मोडल्यासारखी दिसत नव्हती." म्हाताऱ्यानं कपाळावर हात मारला, दोनदा. मग यांच्याकडं, म्हणजे यांच्या श्वासाच्या दिशेनं, तोंड वळवलं. त्यात राग नव्हता. राग असता तर मी सांगितला असता. नुसतं विचारत होते.

"तुला सांगितलं आणि मी डोक्यातून काढून टाकलं रे. तू म्हणालास ना, जगबुडी झाली तरी राहील. पुढचं तुझ्याकडं होतं ना, तणिगा?"

यांनी पेन्सिल कागदावर ठेवली. बाहेर सगळ्या मागांची खटक-खटक चालू होती. हे म्हणाले, "हो, तात्ता. माझ्याकडं होतं."